मोटारीतील माहितीफलक

मोटारीतील माहितीफलक : गाडीचा वेग, इंजिनाची स्थिती, इंधनाचा साठा आणि निरनिराळ्या यंत्रणांतील बिघाड चालकाला कळावेत म्हणून स्टिअरिंगच्या मागे बसवलेला मापकांचा, इशारादिव्यांचा व पडद्यांचा संच. रोजच्या बोलण्यात त्याला डॅशबोर्ड किंवा नुसते मीटर म्हणतात. फलकावर दिसणारी सगळी माहिती एकाच प्रतीची नसते. काही आकडे प्रत्यक्ष मोजलेले असतात, काही हिशेबाने काढलेले अंदाज असतात आणि काही काटे चालकाचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून मुद्दाम स्थिर ठेवलेले असतात. कोणता आकडा कोणत्या जातीचा आहे हे ठाऊक असलेल्या चालकालाच फलक नीट वाचता येतो.

वेगमापकाचे दीर्घकाळ टिकलेले रूप जर्मन संशोधक ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये घेतलेल्या पेटंटातून आले. गिअरबॉक्सपासून निघालेली लवचीक केबल एका लोहचुंबकाला फिरवी. त्यामुळे चुंबकाला लागून असलेल्या धातूच्या वाटीत भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत प्रवाह) उत्पन्न होत, वाटी चुंबकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढली जाई आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेची. ही दोन बले जिथे सारखी होत तिथे काटा थांबे. चुंबक आणि वाटी यांचा एकमेकांना स्पर्शही होत नसे, यातच या रचनेची खुबी होती. आता चाकाजवळचे किंवा गिअरबॉक्समधील संवेदक विद्युत्‌स्पंद पाठवतात व संगणक ते मोजून वेग काढतो. दोन्ही पद्धतींत मोजले जाते ते चाकाचे फिरणे, रस्त्यावरून होणारी गाडीची सरक नव्हे. म्हणून मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले, तर गाडी दाखवलेल्या वेगापेक्षा जोरात धावते आणि कापलेले अंतरही कमी नोंदले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहननियमानुसार वेगमापकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवण्याची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ताशी ४ किमी. इतकी आहे. खरा वेग ताशी १०० किमी. असताना काटा ११४ पर्यंत गेला तरी तो नियमात बसतो. उपग्रहावरून वेग सांगणारा मोबाइल बहुधा थोडा कमी आकडा दाखवतो, त्याचे कारण हेच.

इंधनाचा काटा टाकीतील तरंगत्या गोळ्यावर चालतो. गोळा खालीवर झाला की त्याला जोडलेला दांडा विद्युत्‌रोध बदलतो व त्यावरून पातळी ठरते. वळणावर इंधन हिंदकळून काटा नाचू नये म्हणून त्याची हालचाल संथ केलेली असते. चढावर किंवा उतारावर उभ्या गाडीत पातळी चुकीची दिसू शकते, कारण गोळ्याला इंधन किती आहे हे कळत नाही, ते कुठवर आले आहे एवढेच कळते. ‘उरलेल्या इंधनात इतके किलोमीटर’ हा आकडा तर निव्वळ अंदाज असतो. अलीकडच्या प्रवासातील सरासरी खपावर तो बेतलेला असल्याने मोकळ्या रस्त्यावरून गर्दीत शिरताच तो भराभर उतरतो. पंपाच्या चिन्हाशेजारचा लहानसा बाण टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. फोर्ड कंपनीतील अभियंते जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये सुचवलेली ही सोय आज बहुतेक गाड्यांत आढळते.

तापमानाच्या काट्याबाबत विशेष सावध राहावे लागते. पुष्कळ गाड्यांत इंजिन नेहमीच्या तापमानाला आले की काटा मधोमध येतो आणि त्यानंतर कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान बरेच अंश वरखाली झाले तरी तिथून हलत नाही. तो मध्य सोडून वर सरकू लागला, की इंजिन आधीच बरेच तापलेले असते. याहून फसवी स्थिती कूलंट गळून गेल्यावर येते : संवेदक कोरडा पडतो आणि इंजिन तापत असताना काटा खाली दिसू शकतो.

इशारादिव्यांची चिन्हे आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेली असल्यामुळे देश किंवा कंपनी बदलली तरी ती ओळखता येतात. लाल दिवा तातडीचा धोका सांगतो, पिवळा लवकर तपासणी मागतो, हिरवा एखादी यंत्रणा चालू असल्याचे दाखवतो आणि निळा हेडलाइट अपरवर असल्याचे. किल्ली फिरवताच बरेच दिवे एकदम लागतात व काही क्षणांनी किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझतात. ही दिव्यांचीच चाचणी असते. त्या वेळी एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर तो न लागणे हाच बिघाड होय. वापरलेली गाडी घेताना हे पाहणे फार मोलाचे ठरते.

तेलाच्या लाल दिव्याविषयी गैरसमज सर्वांत जास्त आहे. तेल कमी झाले की तो लागतो असे मानले जाते. वास्तविक तो तेलाच्या दाबावर चालतो. इंजिनातील बेअरिंगे तेलाच्या पातळ थरावर फिरत असतात आणि दाब गेला की धातूवर धातू घासू लागतो. दिवा लागल्यावर ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ असा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. वळणावर किंवा जोराने ब्रेक लावताना हा दिवा क्षणभर चमकून विझत असेल, तर तेलाची पातळी इतकी खाली गेलेली असू शकते की पंप मधूनच हवा ओढतो. हा पूर्वइशारा मिळाला की त्याच दिवशी तेल तपासावे. बॅटरीचा दिवा अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राकडून, बॅटरीचा भरणा थांबल्याचे सांगतो. काही इंजिनांत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच कूलंट खेळवणारा पाण्याचा पंपही फिरवत असल्याने पट्टा तुटल्यास थोड्याच वेळात गाडी तापते. एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, एकटा पिवळा दिवा लागला तर साधे ब्रेक चालतात, फक्त चाके जाम होण्याचा धोका राहतो. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊ नये.

‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा धुरातून होणाऱ्या उत्सर्जनावर देखरेख करणाऱ्या यंत्रणेचा आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ती मोटारींत एकाच प्रमाणित स्वरूपात सक्तीची झाली. नुसता दिवा पाहून दोष ओळखता येत नाही, संगणकात साठवलेला संकेतांक स्कॅनरने वाचावा लागतो. मात्र तो लुकलुकू लागल्यास सिलिंडरात ज्वलन चुकत असल्याचे आणि न जळलेल्या इंधनामुळे धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याची भीती असल्याचे समजावे. टायरमधील हवेच्या दिव्यातही असाच भेद असतो : तो स्थिर असेल तर हवा कमी आहे, आणि मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर देखरेख यंत्रणाच बिघडली आहे.

बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या कॅन या संदेशवहन पद्धतीमुळे गाडीतील अनेक संगणक मोजक्या तारांवरून एकमेकांशी बोलू लागले आणि फलक त्यांचे संदेश दाखवणारा पडदा बनत गेला. विजेवरील गाडीत इंधनाच्या जागी बॅटरीची टक्केवारी येते आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या जागी शक्तीचा पट्टा, जो वेग कमी करताना उलट्या बाजूस झुकून बॅटरीत परत येणारी ऊर्जा दाखवतो. काही गाड्यांत कासवाचे चिन्ह दिसते. बॅटरी फार उतरल्याने किंवा तापमानामुळे गाडी चालवणाऱ्या विजेच्या मोटरची शक्ती रोखली गेली आहे असा त्याचा अर्थ असून, त्या अवस्थेत ओव्हरटेक करण्यापुरताही वेग मिळेलच असे नाही.