नव्याने बांधलेल्या इंजिनात कॅम का झिजतो?

नाशकात जुन्या जीप, फियाट, अ‍ॅम्बेसेडर हौसेने जपणारे लोक कमी नाहीत, आणि सातपूर-अंबडच्या जोरावर इथे चांगले टर्नर-फिटरही मिळतात. बोअर होतो, क्रँक ग्राइंड होतो, इंजिन बांधून गाडी रस्त्यावर येते. काही आठवड्यांत एकाच सिलिंडरकडून टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या सरकत्या तुकड्याचा, टकटक आवाज सुरू होतो. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून व्हॉल्व्हची गॅप सेट केली की आवाज जातो आणि चार दिवसांनी परत येतो. गॅप अशी पुन्हा पुन्हा वाढत असेल, तर लॉकनट आवळत बसू नये. खाली कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या फिरत्या दांड्याचा, उंचवटा आणि टॅपेटचा तळ एकमेकांना खात असतात.

हे दुखणं त्या पिढीच्या इंजिनांच्या घडणीतच आहे. कुर्ल्यात बनलेली फियाट 1100 आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं बीएमसी इंजिन, महिंद्राच्या जीपमधलं प्यूजो घराण्याचं डिझेल, या सगळ्यांत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो. त्यावर टॅपेट, मग जोर वर नेणारी पुशरॉड ही दांडी आणि वर व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर. 1983च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 मध्ये कॅम ब्लॉकमधून वर सिलिंडर हेडवर गेला, आणि पुढच्या बऱ्याच मेकॅनिकांचा हात त्याच घडणीवर बसला. जुन्या टॅपेटची खोड त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

ती खोड अशी. टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण बहुतेक इंजिनांत तो अगदी किंचित फुगीर घासलेला असतो. कॅमच्या उंचवट्यालाही बारीकसा उतार असतो. त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज एका जागी साचत नाही. तो फिरायचा थांबला, की संपलंच. बोअरमध्ये टॅपेट जड बसला, जुनाच टॅपेट नव्या कॅमवर चढवला किंवा ग्राइंड करताना तो उतार गेला, तर असं होतं. पुशरॉडवर मार्करने खूण करून, रॉकर कव्हर उघडं ठेवून इंजिन स्लोवर चालवावं. जी खूण फिरत नाही, तिथे आजार आहे.

ऑइलचा इतिहासही यात येतो. झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं रसायन 1940च्या दशकात ऑइलमध्ये आलं ते बेअरिंगचा गंज रोखायला. झीज थांबवण्याचा त्याचा गुण पुढे कळला. फॉस्फरसने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून अमेरिकेच्या एपीआय या तेल-संस्थेच्या ऑइल मानकांत त्यावर मर्यादा आली: 1996च्या एसजे दर्जात 0.10 टक्के, 2004च्या एसएम दर्जात 0.08 टक्के. आपल्याकडे कन्व्हर्टर 1995 साली चार महानगरांपासून सुरू झाले. पण 0.08ची ही मर्यादा 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ ऑइलसाठी आहे, 20डब्ल्यू-50 साठी नाही. म्हणून जाड ऑइलवर चालणाऱ्या फियाटचा कॅम गेला की लगेच ‘झिंक (जस्त) कमी’ म्हणणं मला पटत नाही. पातळ सिंथेटिक भरलं असेल, तर मात्र तो संशय रास्त आहे.

बहुतेक वेळा घात होतो तो पहिल्या अर्ध्या तासात. ब्लॉकमधल्या कॅमच्या उंचवट्यांना ऑइल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं, आणि स्लोवर ते पुरत नाही. त्यातच कमी फेऱ्यांवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा दाब कॅमच्या टोकावर येतो. म्हणून नव्या कॅमला मॉलिब्डेनमची पेस्ट लावून, इंजिन सुरू होताच वीस-तीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायचं असतं. गॅरेजात उलटंच होतं. स्लोवर ठेवून कार्ब्युरेटर ट्यून केला जातो, टायमिंग जुळवलं जातं.

खात्रीसाठी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लागतो. तो पुशरॉडच्या टोकावर लावून क्रँक हाताने फिरवावा आणि इनटेकची लिफ्ट (उचल) इनटेकशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी ताडून बघावी. एक्झॉस्टचा उंचवटा गेला असेल, तर जळका वायू बाहेर न पडता कार्ब्युरेटरमधून फटफट करत उलटा येतो. अनेक जण तेव्हा टायमिंगला दोष देतात. अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅनिफोल्ड आणि रॉकर काढून ब्लॉकच्या बाजूची झाकणं उघडली, की टॅपेट हातात येतो. त्याचा तळ वाटीसारखा खोलगट असेल, तर कॅम आणि सगळे टॅपेट बदलणं आलंच.

झिजलेलं लोखंड ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत गेलेलं असतं. नवा संच बसवण्याआधी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) उतरवून ऑइलच्या वाटा धुवाव्यात आणि मेन बेअरिंगची एक तरी कॅप उघडून बघावी.