बॅरलमधली सावर एल: पहिल्या घोटावर ठरवू नका

आपल्या टॅपरूमच्या बोर्डवर सध्या बॅरल-एज्ड सावर, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली आंबट बियर, लागलीये आणि बऱ्याच जणांना पहिल्या घोटात वाटतं की बियर खराब झालीये, तर तसं अजिबात नाहीये, ती आंबटच करायची असते, ग्लास परत पाठवायच्या आधी एवढं वाचाच.

लिंबू-बिंबू आम्ही काही पिळत नाही. दही लावताना ज्या कुळाचे जिवाणू कामाला येतात त्याच कुळातल्या लॅक्टोबॅसिलसचं हे काम, ते वर्टमधली, म्हणजे बियर बनायच्या आधीच्या धान्याच्या गोड पाण्यातली, साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड बनवतात. साध्या बियरचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.२ ते ४.५ च्या आसपास असतो, सावरचा ३.२ ते ३.५ पर्यंत उतरतो, म्हणून दात आंबतात. बियरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं या जिवाणूंना मानवत नाहीत, त्यामुळे हॉप्स अगदी नावाला, कडवटपणा शोधू नका.

नुसतं आंबट करायचं तर केटलमध्ये, म्हणजे वर्ट उकळायच्या भांड्यातच, एक-दोन दिवसांत होतं, मग बॅरलचा एवढा खटाटोप कशाला? ब्रेटानोमायसीस, थोडक्यात ब्रेट, या यीस्टसाठी. हे यीस्ट कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत क्लाउसेन या शास्त्रज्ञांनी १९०४ साली इंग्लिश बियरमधून शोधलं, आणि ते फार सावकाश चालतं, बाकीच्या यीस्टला न पचलेली साखर महिनोन्महिने खात बसतं आणि त्यातूनच तो लेदरचा, सुक्या गवताचा, पिकलेल्या अननसाचा वास येतो जो घाईत मिळतच नाही. ब्रसेल्सकडचे लाम्बिक नावाची आंबट बियर करणारे थंडीत गरम वर्ट उघड्या पसरट भांड्यात रात्रभर ठेवतात आणि हवेतून येईल ते यीस्ट घेतात, पुण्याच्या हवेवर आमचा तेवढा भरवसा नाही, आम्ही तयार यीस्ट-जिवाणूंचं कल्चर मोजून सोडतो. बॅरल नाशिकच्या रेड वाइनचे, ओकमधून हवा अगदी कणाकणाने आत जाते, तेवढी ब्रेटला पुरते, जास्त झाली की व्हिनेगर. म्हणून झाकण उघडून बघायचं नाही, पुढच्या फळीत स्टीलचा छोटा खिळा ठोकलेला असतो, तो उपसायचा, बारीक धार येते, चवीपुरतं घ्यायचं आणि लगेच खिळा परत. वर्ष उलटून गेलं तरी चव बसली नसेल तर अजून थांबतो.

आता पिण्याचं. फ्रीजमधला गारठलेला मग मागू नका, थंडीने वास मरतो आणि नुसता आंबटपणा उरतो. आम्ही वाइनच्या ग्लासात थोडीच देतो, १० ते १२ डिग्रीला. फेस लवकर बसतो, सावरमध्ये तसंच होतं. आधी वास घ्या, मग छोटा घोट, तो जिभेला धक्का देणारच, सोडून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जीभ सरावते आणि मग मागून ओक, वाइन, अननस कळायला लागतं. ग्लास जरा कोमट झाला की अजून खुलते, आमच्या मते खरी मजा शेवटच्या चार घोटांत आहे. नेलपॉलिशसारखा वास आला तर मात्र लगेच सांगा, तो दोष आहे, ग्लास बदलून देऊ.

सोबत तळलेले बोंबील किंवा सुकं मटण घ्या, तेल-चरबीला हा आंबटपणा छान कापतो. जाळ तिखट नको, जीभ डबल पेटते. उपाशीपोटी तर नकोच, पित्त होईल. बियरसाठी वय २१ लागतं, आयडी बघू, आणि गाडी चालवून जाणार असाल तर आज नको.

ग्राउलरमध्ये, म्हणजे बियर न्यायच्या मोठ्या बाटलीत, घरी नेलीत तर फ्रीजमध्ये उभी ठेवा, प्यायच्या थोडं आधी बाहेर काढा आणि एकदा उघडली की त्याच दिवशी संपवा.