मौखिक संवादाविषयीची अभिवृत्ती : विज्ञानाच्या विद्यार्थ्यांमधील मापन

आपल्या विषयावर चारचौघांत बोलण्याबद्दल विज्ञानाच्या विद्यार्थ्याला काय वाटते, हे प्रश्नावलीच्या आधारे अंकांत मांडण्याची पद्धत. सेमिनार, गटचर्चा, प्रकल्पाचे सादरीकरण, प्रात्यक्षिक परीक्षेतील तोंडी परीक्षा आणि विज्ञान न शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट समजावून सांगणे, हे सगळे मौखिक संवादात येते. बोलण्याचे कौशल्य मोजणे हे निराळे काम आहे. तिथे परीक्षक ऐकतो आणि गुण देतो. अभिवृत्ती डोळ्यांना दिसत नाही, ती विद्यार्थ्याच्या उत्तरांवरून ताडावी लागते. उत्तम बोलणाऱ्या मुलीला बोलण्याचा प्रसंग नकोसा वाटत असू शकतो आणि अडखळत बोलणारा मुलगा तशी संधी आवडीने शोधत असू शकतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२८ मध्ये अभिवृत्ती मोजता येते असे प्रतिपादन केले. त्यांची रीत किचकट होती. आधी परीक्षकांकडून शेकडो विधानांची प्रतवारी करून घ्यावी लागे. दुसरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये सोपा मार्ग दिला : विधान वाचायचे आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच पर्यायांपैकी एकावर खूण करायची. बी.एड.च्या संशोधन प्रकल्पापासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत आजही मुख्यतः हीच श्रेणी वापरली जाते.

बोलण्याच्या बाबतीत सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली अमेरिकन संवादतज्ज्ञ जेम्स मॅक्रॉस्की यांची. त्यांनी १९७० पासून संवादभीती या संकल्पनेवर काम केले. प्रत्यक्ष किंवा होऊ घातलेल्या संवादाशी जोडलेली भीती वा चिंता, अशी तिची व्याख्या आहे. ‘होऊ घातलेल्या’ हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण सेमिनारच्या आठवडाभर आधीपासून झोप उडालेला विद्यार्थीही त्यात धरला जातो. त्यांच्या प्रचलित प्रश्नावलीत २४ विधाने आहेत. गटचर्चा, बैठक, दोघांमधील संभाषण आणि जाहीर भाषण या चार प्रसंगांवर प्रत्येकी सहा. प्रत्येक सहापैकी तीन विधाने भीती व्यक्त करणारी आणि तीन निर्धास्तपणा व्यक्त करणारी असतात. पूर्ण सहमतीला ५ आणि पूर्ण असहमतीला १ असे गुण धरून १८ या अंकात भीतीच्या विधानांचे गुण मिळवायचे आणि निर्धास्तपणाच्या विधानांचे वजा करायचे, की त्या प्रसंगाचा ६ ते ३० मधला अंक मिळतो. एकूण अंक २४ ते १२० या पट्ट्यात येतो आणि जास्त अंक म्हणजे जास्त भीती. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सरासरी ६५.६ आणि प्रमाण विचलन (अंक सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) १५.३ नोंदवले गेले आहे. म्हणून साधारण ८० च्या वरचा अंक तीव्र भीतीचा मानतात. चारही प्रसंगांत सर्वांत जास्त सरासरी जाहीर भाषणाची आहे.

पण भीती म्हणजे अख्खी अभिवृत्ती नव्हे, आणि विज्ञान-विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा फरक विशेष जपावा लागतो. रसायनशास्त्राचा विद्यार्थी बोलायला घाबरत नसेल, पण ‘खरे काम प्रयोगशाळेत, बोलणे हे वरवरचे’ असे त्याचे ठाम मत असू शकते. भीतीच्या प्रश्नावलीत तो निर्धास्त दिसेल. त्यामुळे अशा विद्यार्थ्यांसाठी प्रश्नावली करताना निदान चार अंगे वेगळी ठेवणे योग्य ठरते : उपयुक्ततेची जाण, आवड, चिंता आणि स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास. या चारही अंगांची बेरीज करून एकच आकडा देणारे अभ्यास पुष्कळ होतात, पण शिक्षकाने नेमके काय करावे हे त्या आकड्यातून कळत नाही.

विधाने लिहिण्यातच बहुतेक चुका होतात. ‘मला सेमिनार द्यायला आवडते आणि नंतरच्या प्रश्नांना उत्तरे देणे सोपे जाते’ हे एक विधान नाही, दोन आहेत. तयार भाषण उत्तम करणारी पण प्रश्नांना भिणारी मुलगी खूण कुठे करणार? ‘संवादकौशल्य करिअरसाठी महत्त्वाचे आहे’ या विधानाला जवळजवळ सगळेच सहमती देतात, म्हणून त्यातून कोणाचाच फरक कळत नाही. त्यापेक्षा प्रसंग समोर ठेवावा : ‘बाह्य परीक्षकाने जर्नल उघडून प्रयोगाबद्दल अनपेक्षित प्रश्न विचारला, तर उत्तर येत असूनही मला ते मांडता येत नाही.’ हे विधान वाचताना विद्यार्थ्याला स्वतःची तोंडी परीक्षा आठवते आणि उत्तर खरे येते. मॅक्रॉस्कींच्या प्रश्नावलीतील ‘बैठक’ हा प्रसंग आपल्याकडच्या बी.एस्सी.च्या मुलांच्या वाट्याला क्वचितच येतो. तो बदलून प्रयोगशाळेतील चर्चा घातली, तर मूळ सरासरीशी तुलना मात्र करता येत नाही.

विश्वसनीयतेसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा गुणांक काढतात; विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे तो सांगतो. ०.७० च्या वर तो आला की काम झाले असे सर्रास धरले जाते. मात्र एकच गोष्ट शब्द फिरवून पाचदा विचारली तरी अल्फा वाढतो, त्यामुळे सप्रमाणता, म्हणजे प्रश्नावली जे मोजायचे तेच मोजते का, हे स्वतंत्रपणे तपासावेच लागते.

अभ्यासक्रमाआधी आणि नंतर तीच प्रश्नावली भरून घेतल्यास कधीकधी आत्मविश्वासाचे अंक घटतात. यामागे दरवेळी शिकवणे फसलेले असते असे नाही. चांगले सादरीकरण कसे असते हे कळल्यावर विद्यार्थ्याची स्वतःला जोखण्याची फूटपट्टीच बदलते. यावर उपाय म्हणून अखेरीस ‘तेव्हा मी कसा होतो, आता कसा आहे’ अशी दोन्ही उत्तरे एकदम घेतली जातात. त्यात आठवणीचा दोष शिरतो, तरी मापदंड एकच राहतो.

महाराष्ट्रात या मापनाला भाषेचा प्रश्न चिकटलेला आहे. मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेली मुले अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत शिकतात आणि सेमिनारही बहुधा इंग्रजीतच देतात. परकीय भाषेच्या वर्गातील चिंतेसाठी इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची स्वतंत्र श्रेणी प्रसिद्ध केली, कारण ही चिंता सर्वसाधारण संवादभीतीशी निगडित असली तरी तिच्याहून वेगळी आहे. केवळ ‘मला वर्गासमोर बोलायची भीती वाटते’ असे विचारले, तर भीती बोलण्याची की इंग्रजीची हे कळणार नाही, आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाची नोंद ‘संवादाविषयी नकारात्मक’ अशी होईल. म्हणून प्रत्येक महत्त्वाचे विधान दोनदा द्यावे, एकदा ‘मराठीत’ आणि एकदा ‘इंग्रजीत’ असे स्पष्ट लिहून, आणि दोन अंकांमधील अंतर स्वतंत्रपणे नोंदवावे.