हाका आणि गाऱ्यावर बसणं: मचाण दोन्हीकडे असतं

जुन्या शिकारीचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतं, "हाका म्हणजे मर्दाचं काम. मचाणावर बसून मारणं भेकडपणा." पुढचे तीनजण माना डोलावतात. इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

हाका सगळ्यांना माहीत आहे. ढोल, पत्र्याचे डबे, आरोळ्या, माणसांच्या रांगेनं रान उठवायचं आणि जनावर पुढे रेटायचं. पण बंदूकवाला तेव्हा कुठे असतो? ढोलवाल्यांबरोबर नक्कीच नाही. तो रानाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि वाघ असेल तर बहुतेकदा मचाणावरच. म्हणजे मचाणाचा टोमणा हाकेवाल्यालाही तितकाच लागू.

दुसऱ्या पद्धतीत आमिष म्हणून रेडकू बांधतात, नाहीतर वाघानं आधीच मारलेल्या गुराजवळ, म्हणजे गाऱ्यावर, झाडात दबून बसतात. माणसं किती लागतात, खर्च किती, मचाण आठ हात उंच की बारा, हे सगळं किरकोळ.

खरी मेख पुढे आहे. जनावर समोर येतं तेव्हा ते कोणत्या अवस्थेत असतं? हाक्यात ते बिथरलेलं असतं. कधी चोरपावलांनी येतं, पण बरेचदा झपाट्यानं, आणि झुडपातल्या एका फटीत दोन क्षण दिसतं. गाऱ्यावर ते आपल्या भुकेनं, आपल्या चालीनं येतं. थांबतं, कानोसा घेतं, खाली बसतं. नेम धरायला वेळ मिळतो.

शिकाऱ्यांमधलं भांडण इथंच अडकतं, कारण 'नीती' हा शब्द दोघं दोन अर्थांनी वापरतात. हाकेवाला म्हणतो, जनावराला निसटायची संधी हवी. ताटावर बसलेल्याला मारणं हा दगा. गाऱ्यावर बसणारा म्हणतो, संधी राहू दे, त्याला एका गोळीत मरण हवं. आणि ही दोन मापं बरेचदा एकमेकांच्या उलट जातात. निसटायची संधी जितकी जास्त, तितकीच जायबंदी होऊन निसटायचीही जास्त. पोटात गोळी घेऊन दरीत गेलेल्या वाघाला 'संधी मिळाली' म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. माझं मत ठरलेलं आहे: शिकारीतलं सगळ्यात मोठं पाप म्हणजे जखमी जनावर मागे सोडणं.

एकाच माणसाची दोन उदाहरणं घ्या. 1907 मध्ये कुमाऊंतल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीसाठी जिम कॉर्बेटनं हाका केला. तहसीलदारानं 298 माणसं जमवली. विनापरवाना बंदुकांकडे काणाडोळा करू म्हटल्यावर बंदुकाही निघाल्या. पण कॉर्बेट जागेवर पोचायच्या आतच आरडाओरडा सुरू झाला. वाघीण निघाली, तिला गोळ्या लागल्या, ती पडली नाही. त्याच्याजवळ काडतुसं तीनच होती, ती संपली. ती खडकावर गुरगुरतेय आणि हा तहसीलदाराची बंदूक आणायला धावतोय, अशी गत. 1926 मध्ये रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी तोच माणूस रात्री आंब्याच्या झाडावर बसला. खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी, रायफलीला टॉर्च. एक गोळी, काम संपलं. भेकडपणा म्हणायचा तर म्हणा.

आता माझ्या बाजूतली खोटही सांगतो. बांधलेल्या रेडकाला कुणी विचारत नाही, आणि 'नीती' बोलणारे त्याचं नाव काढत नाहीत. रात्र आणि उजेड हाही प्रश्न आहेच. परवान्यानं शिकार चालत होती तेव्हाच्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात कलम 17 होतं: रात्री शिकार नाही, कृत्रिम उजेड नाही (गाऱ्यावरच्या मांसभक्षकासाठी खास परवानगी असेल तरच), वाहनातून नाही, पाणवठ्यावर नाही (पाणपक्षी वगैरे सोडून). म्हणजे शिकाऱ्यांची आपसातली कुरबूरच कायद्यात उतरली होती. 1991 च्या दुरुस्तीत हे कलम आणि परवान्याची शिकार, दोन्ही गेलं. नंतर उरले ते मुख्यतः धोकादायक जनावराला मारायचे सरकारी आदेश, आणि त्यांना शिकार म्हणू नये. यवतमाळच्या बोराटीत 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री माणसं मारल्याचा ठपका असलेल्या टी-1 ('अवनी') वाघिणीला अशाच आदेशावरून वाहनातून गोळी घातली गेली. त्यावरच्या वादातही मला हाच गोंधळ दिसला: आदेश पाळला का, हा प्रश्न बाजूला आणि 'मर्दानगी' पुढे.

हाक्याची एक गोष्ट मात्र कुणी मोजतच नाही, ती म्हणजे हाक्यातली माणसं. आजोळी भंडाऱ्याकडे एक म्हातारे होते, पोरवयात हाक्याला नेलेले. पाटलाचा निरोप आला की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांचं काम कडेच्या झाडावर बसायचं. ओरडायचं नाही. वाघ बाजूला सरकतोय असं वाटलं की कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोडावर हलकं टक्, टक्. वाघ वळला पाहिजे, पण बिथरता कामा नये; जोरात वाजलं तर तो उलटा माणसांच्या रांगेवर जायचा. एकदा लांबवर बार झाला आणि मग सगळं चिडीचूप. गोळी लागली की हुकली, खाली उतरायचं की नाही, हे सांगायला कुणी आलं नाही. दिवस मावळेपर्यंत ते फांदीवरच होते.