सेल्फ फिरतोय पण पद्मिनी चालू होत नाहीये? टो करायच्या आधी हे वाचा

आमच्या गॅरेजला येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "सेल्फ मस्त फिरतोय हो, पण गाडी काही केल्या चालू होईना." आणि पुढचं वाक्यही ठरलेलं, की कॉइल बदलली, प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून साफ केला तरी तेच. म्हणून हे माहितीपत्रक काढलंय. पूर्वी मुंबईत कुठल्याही टॅक्सी स्टँडवर बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगणारा माणूस सापडायचा, आता शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली आणि ती माणसंही पांगली. नवीन पोरं हुशार आहेत पण त्यांना स्कॅनर लावायची सवय, आणि या गाडीला स्कॅनर लावायला काही नाहीच. त्यामुळे मालकाला स्वतःला थोडं कळलं पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं.

हे फक्त पेट्रोल पद्मिनी आणि जुन्या फियाट अकराशेसाठी आहे, म्हणजे १०८९ सीसीचं इंजिन. ११८ एनईला निस्सानचं वेगळं इंजिन येतं आणि डिझेल पद्मिनीचा तर विषयच वेगळा, त्यांनी सरळ फोन करा.

मुद्दा एकच आहे. इंजिन फिरतंय आणि पेटत नाही म्हणजे बहुतेक वेळा एकतर करंट नाही (म्हणजे प्लगला ठिणगी पडत नाही) नाहीतर पेट्रोल नाही. यातलं काय नाही हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका आणि एकही स्क्रू फिरवू नका. मिक्श्चरचा स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरवरचा पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, तो तर अजिबात नाही, काल चालत असलेल्या गाडीचा मिक्श्चर स्क्रू रात्रीत आपोआप फिरत नाही.

आणि सेल्फ मारत बसू नका. एका वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, मग मिनिटभर थांबा. नाहीतर स्टार्टर तापतो, बॅटरी उतरते, आणि मूळ बिघाड राहतो बाजूला, दोन नवीन तयार होतात.

सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली, असं पण धरून चालू नका. बॅटरी अर्धवट उतरली असेल तर स्टार्टर सगळा करंट ओढून घेतो आणि कॉइलला (बॅटरीच्या १२ व्होल्टवरून ठिणगीपुरतं व्होल्टेज वाढवणारा पार्ट) उरतं ते इतकं कमी की प्लगला ठिणगीच पडत नाही. मीटर असेल तर बघा, गाडी उभी असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास हवेत आणि सेल्फ मारताना साधारण दहाच्या खाली जाता कामा नये. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा, लाइट एकदम मरगळला तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी बघा. अर्थची पट्टी गंजलेली असते आणि तिकडे कोणी बघतच नाही.

करंट बघायचा तो असा

कॉइलमधून डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा पार्ट) कॅपच्या मधोमध जी जाड वायर जाते ती कॅपमधून ओढून काढा, तिचं टोक रबर मूठ असलेल्या पक्कडीत धरून इंजिनच्या कोऱ्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हाताने धरू नका, झटका जोरात बसतो, आणि पेसमेकर असलेल्यांनी तर हे करूच नये. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना ते आधी बघा. निळी, टकटक आवाज करणारी जाड ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट (डेल्कोतला उघडझाप करणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारी छोटी डबी) ठीक, पुढे कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) आणि प्लगच्या वायरी बघायच्या. पिवळट बारीक आली किंवा आलीच नाही तर मागे जायचं.

मागे म्हणजे आधी कॉइलपर्यंत १२ व्होल्ट येतायत का. टेस्ट लॅम्प पुरतो, चावी ऑन करून कॉइलच्या ज्या टर्मिनलला चावीकडची वायर येते तिथे लावा. मग तसाच लावून ठेवून सेल्फ मारा. चावी ऑनला लॅम्प पेटतो आणि सेल्फ मारताना विझतो, असं झालं तर चावीचा स्विच आतून झिजलाय. अशी गाडी चावी सोडता सोडता एखादा ठोका मारते, "आता लागली" असं वाटतं आणि बंद. ही खूण लक्षात ठेवा, फोनवर एवढं सांगितलंत तरी आमचं अर्धं काम झालं.

मग लॅम्प पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलवर लावा आणि सेल्फ मारा, लॅम्प उघडझाप करायला पाहिजे. करत नसेल तर डेल्कोची कॅप काढा. चावी बंद असताना पॉइंट बोटाने उघडून बघा, गाडी दोन-तीन महिने उभी असेल तर पॉइंटवर राखाडी थर चढतो आणि तेवढ्यानेच गाडी बंद पडते. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, मग कोरं कागदी कार्ड मधून ओढून काढा म्हणजे भुकटी राहणार नाही. गॅप पूर्ण उघडल्यावर साधारण ०.४५ मिमी, फिलर गेजने. रस्त्यात काहीच नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड घालून घरी येण्यापुरतं भागतं.

आता एक गोष्ट जी जवळून दाखवल्याशिवाय समजत नाही. पॉइंटला जाणारी डेल्कोच्या आतली ती बोटभर लांबीची वायर. व्हॅक्युमने आतली प्लेट हलते तशी ती वायर दिवसभर वाकत राहते, आणि वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते पण वरचं कव्हर अगदी शाबूत. डोळ्याला वायर एकदम छान दिसते. साताऱ्याकडच्या आमच्या एका ग्राहकाच्या गाडीला दुसरीकडे दोन कॉइल, एक कंडेन्सर आणि नवीन कॅप बसवून झाली होती, गाडी मनात आलं तर चालू व्हायची आणि खड्ड्यात बंद पडायची. ती वायर चिमटीत धरून हलकी ताणली तर रबरासारखी लांब झाली, आत तारच नव्हती. वायर किरकोळ किमतीची, खर्च मात्र त्यांचा हजारांत झाला होता. तेव्हा वायर ताणून बघा, आणि नवीन घालताना कडक घरगुती वायर घालू नका, बारीक तारांची मऊ वायरच लागते.

कंडेन्सर गेला असेल तर पॉइंटमध्ये मोठ्या निळ्या ठिणग्या दिसतात आणि पॉइंट लवकर जळतात. इथे आमचं स्पष्ट मत आहे, चालू असलेला जुना कंडेन्सर "नवीन टाकून देऊ" म्हणून कधीही फेकू नका. हल्ली बाजारात मिळणारे बरेच नवीन कंडेन्सर डब्यातून काढल्यापासूनच कच्चे असतात. जुना डिकीत ठेवा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या गाड्यांचं अर्धं दुखणं कॅपमध्येच असतं. आतून दमट होते, करंट प्लगला जायच्या ऐवजी ओलीवरून भरकटतो. कोरड्या सुती फडक्याने आतून पुसा, मधला कार्बनचा बुंधा जागेवर आहे आणि आतबाहेर होतोय ना बघा, आणि उजेडात धरून केसासारखी काळी रेघ दिसतेय का ते बघा, दिसली तर कॅप बदलायचीच. वायरी काढताना एकेक काढा आणि लगेच लावा. सगळ्या काढून बसलात तर क्रम १-३-४-२, एक नंबर सिलेंडर रेडिएटरकडचा.

पेट्रोल येतंय का

काट्यावर विश्वास ठेवू नका. या गाड्यांचे काटे पाव टाकी दाखवत दाखवत रिकामी टाकी काढतात. गाडी हलवून आवाज ऐका.

इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या घशात बघत अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने जोरात ओढा. पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. दिसली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. धार नाही आली तर पंपाकडून येणारा पाइप कार्बोरेटरपाशी सोडवून प्लॅस्टिकच्या बाटलीत घाला, कॉइलला चावीकडून येणारी वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने जोरात पेट्रोल आलं पाहिजे. नुसती थेंबथेंब किंवा फेस येत असेल तर टाकीचं झाकण उघडून परत बघा, झाकण उघडताना सुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीला हवा घ्यायची वाट बुजलीय. तेही नसेल तर मधला फिल्टर, चिरलेला रबरी पाइप जो हवा ओढतो, नाहीतर पंपाचा पडदा.

पडदा फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलची काडी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर परत सेल्फ मारू नका, आहे तिथेच थांबा आणि आम्हाला कळवा.

हे सगळं हल्ली जास्त होतंय त्याचं कारण पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि या गाड्यांचे रबरी पाइप, पडदे, वॉशर त्या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते, ते फुगतात, मऊ पडतात, त्यांचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, अडकतात. शिवाय इथेनॉल ओल धरतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साठून गंज चढतो. आम्ही पाइप आणि पडदे इथेनॉल सहन करणारेच बसवतो, थोडे महाग पडतात पण दुसरे बसवून परत तुम्हाला रस्त्यात उभं करणं आम्हाला पटत नाही. गाडी तीन-चार महिने उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

ओव्हर झाली असेल तर

पेट्रोलचा उग्र वास, प्लग काढला तर ओला. म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय, चोक जास्त वेळ ओढला किंवा पॅडल सारखं मारलं. चोक पूर्ण आत करा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून ठेवा, पंपिंग करू नका, आणि दहा सेकंद सेल्फ. बहुतेक वेळा खोकत खोकत लागते. वारंवार ओव्हर होत असेल तर कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई अडकलीय, वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका, सुटली तर ठीक पण नंतर ती सुई बदलून घ्याच.

उलट प्रकार उन्हाळ्यातला. खंबाटकी चढून वर चहाला थांबलात आणि परत गाडी लागेना, करंट आहे पण पेट्रोल चढत नाही, तर पाइपात पेट्रोलची वाफ झालीय. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाका, पंधरा-वीस मिनिटं बोनेट उघडं ठेवा. फक्त करंट त्याच वेळी तपासा, कारण कॉइल पण तापून मरते आणि थंड झाल्यावर जिवंत होते, आणि गार झाल्यावर तपासलं तर दोन्ही एकसारखंच दिसतं.

करंट पण आहे आणि पेट्रोल पण आहे, तरी नाही लागत? कॅप काढून सेल्फ मारा आणि रोटर फिरतोय का बघा. फिरत नसेल तर थांबा, टायमिंग चेन किंवा डेल्कोचा ड्राइव्ह गेलाय, हे घरी करायचं काम नाही. फिरतोय पण डेल्को हाताने सैल हलतो तर टायमिंग सरकलंय. आणि सेल्फचा आवाज नेहमीच्या लयीऐवजी सुसाट, एकसुरी आला तर कॉम्प्रेशन नाही, तेव्हाही थांबा.

दोन गोष्टी कृपा करून कधीच करू नका. बाटलीतून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतून सेल्फ मारणं, बरेच जण सर्रास करतात, पण इंजिनने उलटा ठोका दिला की ज्वाळा थेट वर येते आणि बाटली तुमच्या हातात असते. आणि करंट नसताना धक्का मारून चालू करायचा प्रयत्न, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि मग एकदम पेट घेऊन सायलेन्सर फाटतो. गाडीत छोटा अग्निशामक ठेवा, जुन्या गाडीत तो स्टेपनीइतकाच गरजेचा आहे.

तरी नाही लागली तर आम्हाला व्हॉट्सअॅपवर सेल्फ मारतानाचा दहा सेकंदांचा आवाज पाठवा, ठिणगी निळी की पिवळी की नाहीच, कार्बोरेटरमध्ये धार दिसली का, गाडी गरम असताना बंद पडली की सकाळी लागलीच नाही, आणि शेवटचं काम कशाचं केलं होतं एवढं लिहा. आधी कोणी काही बदललं असेल तर जुना पार्ट फेकू नका, येताना सोबत आणा.