गाडी ओतून काढताना

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा मागचा अख्खा सांगाडा एका अजस्र यंत्राच्या जबड्यातून अखंड बाहेर निघतो आणि यंत्रमानव तो गरम असतानाच उचलून नेतो, अशी चित्रफीत अनेकांच्या फोनवर येऊन गेली असेल. तिच्यासोबत ‘आता गाड्या छापून निघणार’ अशा धर्तीचा मजकूर असतो. वस्तुतः गाडी छापली जात नाही, ओतली जाते. आणि या कामात यंत्राच्या आकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, श्रेय त्यात ओतल्या जाणाऱ्या रसाचे, म्हणजे वितळलेल्या धातूचे आहे.

टेस्लाने २०२० मध्ये ‘मॉडेल वाय’पासून हा मार्ग धरला. त्याआधीच्या ‘मॉडेल ३’मध्ये मागचा तळभाग सुमारे ७० सुटे भाग जोडून बनत असे, त्यांची जागा आधी दोन आणि पुढे एकाच ओतीव भागाने घेतली. टोयोटानेही २०२३ मध्ये हे तंत्र स्वीकारण्याचे जाहीर केले. विजेच्या गाडीत काहीशे किलो वजनाची बॅटरी मजल्याखाली सपाट पसरलेली असते, त्यामुळे सांगाड्यातून वाचलेला प्रत्येक किलो एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतराच्या खात्यात जमा होतो.

कोल्हापूरच्या शिरोली भागातील एखाद्या फाउंड्रीत बिडाचे ओतकाम पाहिलेल्यांना साचा म्हटले की वाळू आठवेल. तेथे रस स्वतःच्या वजनाने साच्यात उतरतो आणि आतली हवा वाळूच्या कणांमधून वाट काढते. गाडीचा सांगाडा ज्या पद्धतीने ओततात त्या डाय कास्टिंगमध्ये साचा पोलादाचा असतो आणि दट्ट्या वितळलेल्या ॲल्युमिनियमला सेकंदाला कित्येक मीटर वेगाने आत ढकलतो, कारण जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या भिंतींमधून जाताना रस वाटेतच गोठण्याआधी साचा भरायला हवा. त्यासाठी मिळणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो.

साचा भरला की दट्ट्या रस आणखी दाबून धरतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलो आहे असे मानू. ओतीव भागाची सपाट सावली दोन चौरस मीटर, म्हणजे २०,००० चौरस सेंटिमीटर असेल, तर साच्याचे दोन अर्धे एकमेकांपासून दूर सारू पाहणारे बल ६०,००,००० किलो, अर्थात ६,००० टन भरते. इटलीत ब्रेशाजवळ कारखाना असलेल्या इद्रा कंपनीची यंत्रे ६,००० टनांच्या घरातील असण्याचे कारण हेच. हे बल धातूला ठोकून आकार देण्यासाठी नसून साचा मिटलेला ठेवण्यासाठी आहे.

एवढ्या वेगाने आत शिरणारा रस हवाही कोंडून ठेवतो. साच्यातली हवा आधी पंपाने ओढून घेतली, तरी थोडी उरतेच. लहान ॲल्युमिनियम भागांना पुढे ५०० अंश सेल्सियसच्या वर तापवून आणि पाण्यात विझवून ताकद देता येते. पण येथे तसे केल्यास कोंडलेला वायू फुगून पृष्ठभागावर फोड येतील, आणि दीड मीटर रुंदीचा पातळ भाग विझवताना वाकडा होईल तो वेगळाच. त्यामुळे तापवल्यावाचून मजबूत होणारे मिश्रधातू बनवणे भाग पडले.

या मिश्रधातूत साधारण ७ ते १० टक्के सिलिकॉन असते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर सिलिकॉन मिसळल्यावर शेवटचा थेंब ५७७ अंशांच्या आसपास गोठतो. पाण्याप्रमाणे सिलिकॉनही गोठताना प्रसरण पावते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या आकुंचनाची काही अंशी भरपाई होते. मात्र मोकळे सोडल्यास सिलिकॉनच्या धारदार पट्ट्या तयार होतात आणि धक्का बसताच त्यांच्या कडेने चीर जाते. शेकड्यात काही शतांश इतके स्ट्रॉन्शियम मिसळले की त्याच पट्ट्यांचे बारीक तंतू होतात. लोहाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. थोडे लोह असले की ॲल्युमिनियम पोलादी साच्याला चिकटत नाही, पण त्याचे सुईसारखे स्फटिक सांगाडा ठिसूळ करतात. म्हणून लोह कमी ठेवून न चिकटण्याचे काम मँगनीजवर सोपवले जाते. भंगारातले ॲल्युमिनियम वापरायचे म्हटले की लोह पुन्हा डोके वर काढते. नव्या यंत्रापुढे कोणी नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली तर तक्रार नाही, पण रसातले लोह किती, हे स्पेक्ट्रोमीटरखाली धरलेला नमुनाच सांगतो.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. पोलादी पत्रा चेपला तर ओढून, ठोकून बऱ्यापैकी सरळ होतो. ओतीव ॲल्युमिनियम तसे ठोकू गेल्यास तडकते. म्हणून ओतीव भागाच्या पुढेमागे बदलता येणारे स्वतंत्र दांडे जोडतात आणि किरकोळ धडक त्यांनीच झेलावी अशी योजना असते. धक्का त्यांच्याही पलीकडे पोचला, तर ओतीव भागाचा तेवढा तुकडा कापून त्या जागी नवा बसवावा लागतो, आणि हे काम करू शकणारी गॅरेजे अजून मोजकीच आहेत.