सिम्युलेटर वैमानिकासाठी घडला, शोध मात्र चमू घेतो

शोधमोहिमेवर निघालेल्या छोट्या विमानात वैमानिक हा चमूतला फक्त एक जण असतो. अमेरिकेतल्या सिव्हिल एअर पॅट्रोल या स्वयंसेवी संस्थेच्या, म्हणजे सीएपीच्या सेसना विमानात त्याच्या उजवीकडे ऑब्झर्व्हर बसतो. नकाशा, रेडिओ, शोधपट्ट्यांचा (विमान ज्या समांतर रेघांवर फिरतं त्यांचा) हिशेब आणि नोंदी त्याच्याकडे असतात. मागच्या आसनावर स्कॅनर असतो आणि त्याचं काम एकच, खाली पाहत राहायचं. कॅनडातल्या कासारा या स्वयंसेवी संस्थेत हीच कामं नॅव्हिगेटर आणि स्पॉटर करतात. सिम्युलेटरचा इतिहास मात्र जवळजवळ पूर्णपणे पुढच्या डाव्या आसनाचा आहे. स्वयंसेवी चमूंच्या सिम्युलेटर सरावातली ताकद आणि त्यातले कच्चे दुवे, दोन्ही तिथूनच आले आहेत.

या इतिहासाची सुरुवात एडविन लिंकपासून. तो न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा. वडिलांचा कारखाना पियानो आणि ऑर्गन बनवत असे. तिथल्याच हवेच्या पंपांनी, भात्यांनी आणि झडपांनी त्याने १९२७ ते १९२९ या काळात डुलणारी, वळणारी खोटी कॉकपिट तयार केली. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः करमणुकीच्या बागांमध्ये. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने देशाची टपाल वाहतूक अंगावर घेतली. ढगात केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले वैमानिक पहिल्या काही आठवड्यांतच प्राणाला मुकू लागले. तेव्हा लिंक स्वतः खराब हवेत विमान घेऊन नेवार्कला अधिकाऱ्यांसमोर उतरला. त्याच वर्षी लष्कराने त्याचे सहा ट्रेनर विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात असे सुमारे १०,००० ट्रेनर बनले.

लिंकच्या या निळ्या पेटीसारख्या ट्रेनरचं खिडक्या झाकणारं टोपण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. शोधकामाच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं ते बाहेरचं टेबल. तिथे प्रशिक्षक बसायचा आणि त्याच्यापुढच्या नकाशावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र फिरायचं. त्याला ‘क्रॅब’ म्हणत. पेटीतला माणूस ‘उडत’ असताना क्रॅब शाईने त्याचा मार्ग रेखत जायचा. आपण सरळ गेलो असं वाटणाऱ्याला उतरल्यावर आपली नागमोडी रेघ पाहायला मिळे. आजच्या सरावात ट्रॅक लॉग, म्हणजे उडालेल्या मार्गाची नोंद, ग्रिडवर, म्हणजे नकाशावरच्या शोधचौकोनांच्या जाळीवर ठेवून पाहतात, ते याच पद्धतीचं पुढचं रूप आहे. सिम्युलेटरने शोध चमूला दिलेलं सर्वांत मोलाचं साधन आमच्या मते हेच.

सीएपीची स्थापना १ डिसेंबर १९४१ ची, पर्ल हार्बरच्या आठवडाभर आधीची. मार्च १९४२ ते ऑगस्ट १९४३ या काळात तिच्या नागरी वैमानिकांनी किनाऱ्यालगत पाणबुड्यांवर पाळत ठेवली. मे १९४८ मध्ये ती हवाई दलाची अधिकृत सहायक संस्था झाली आणि देशांतर्गत शोधकामाचा मोठा भार तिच्याकडे आला. कासारा पुष्कळ नंतरची, १९८६ ची.

शोध घेण्याचं शास्त्रही त्याच युद्धात उभं राहिलं. गणितज्ञ बी. ओ. कूपमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्या शोधण्याचं गणित मांडलं. त्यातला एक निकाल प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असायला हवा. एका फेरीत प्रभावीपणे जेवढी रुंदी पाहून होते, तेवढंच अंतर दोन पट्ट्यांमध्ये ठेवलं तर कव्हरेज १ होतं. पट्ट्या काटेकोर समांतर असतील, तर आदर्श परिस्थितीत लक्ष्य सापडण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के येते. तेवढंच अंतर, तेवढंच इंधन, पण पट्ट्या वेड्यावाकड्या झाल्या, कुठे एकमेकींवर चढल्या, कुठे फट राहिली, तर ती ६३ टक्क्यांकडे घसरते. नजर तीच, हवा तीच. फरक पडतो तो रेघ सरळ राहण्याने. सरळ रेघेचा सराव जमिनीवर बसूनही करता येतो, आणि शोधकामात सिम्युलेटरची गरज आहे ती इथे.

दुसरा धागा रेडिओ बीकनचा, म्हणजे पडलेल्या विमानातून मदतीचा संकेत पाठवणाऱ्या यंत्राचा. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कात काँग्रेस सदस्य हेल बॉग्ज आणि निक बेगिच यांचं सेसना ३१० बेपत्ता झालं. ३९ दिवस शोध चालला, काहीही हाती लागलं नाही. त्याच दशकात अमेरिकेतल्या बहुतेक खासगी विमानांना आपत्कालीन प्रेषक, म्हणजे ईएलटी, सक्तीचा झाला. सप्टेंबर १९८२ मध्ये असे संकेत ऐकणाऱ्या कॉस्पास-सारसॅट उपग्रहांच्या मदतीने पहिली सुटका झाली, तीही कॅनडात पडलेल्या छोट्या विमानातल्या लोकांची. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झ ही जुन्या प्रेषकांची लहर ऐकणं थांबवलं आणि ४०६ मेगाहर्ट्झ हीच मुख्य वाट उरली. तरी शेवटच्या काही मैलांत १२१.५ चा आवाज पकडत जाण्याचं कसब लागतंच. मोहिमा कमी झाल्या की ते कसब आधी गंजतं.

मोठ्या विमान कंपन्यांचे सहा पायांवर हलणारे सिम्युलेटर या काळात फार पुढे गेले होते, पण स्वयंसेवकांच्या आवाक्यात ते कधीच नव्हते. त्यांची वाट घरगुती संगणकातून आली. ब्रूस आर्टविकच्या प्रोग्रॅममधून १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आला, १९९५ मध्ये एक्स-प्लेन. १९९७ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने संगणकावर चालणाऱ्या प्रशिक्षण साधनांना पहिली मान्यता दिली आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठीचे, म्हणजे केवळ उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेसाठीचे, १० पर्यंत तास त्यांवर मोजण्याची मुभा दिली. पुढे साधनांच्या दोन पायऱ्या झाल्या: साध्या साधनावर १० तास, प्रगत साधनावर २०. २०१८ च्या अखेरीस आणखी एक सवलत मिळाली. सहा महिन्यांत उपकरणांवर उतरण्याचे सहा अ‍ॅप्रोच, होल्डिंग (ठरल्या जागी घिरट्या) आणि ट्रॅकिंग (ठरला मार्ग धरणं) ही पात्रता टिकवण्याची अट मान्य साधनावर प्रशिक्षकाविना पुरी करता येऊ लागली. शनिवार-रविवारी उडणाऱ्या माणसासाठी ही खरोखर मोठी सोय आहे. पण हे सारे तास वैमानिकाच्या परवान्याशी बांधलेले आहेत. ऑब्झर्व्हर आणि स्कॅनर यांच्यासाठी त्या नियमांत रकानाच नाही.

ऑब्झर्व्हरसाठीचा पहिला खरा सिम्युलेटर म्हणूनच विमानाचा नव्हता, जीपीएसचा होता. सीएपीच्या विमानांत अपोलो जीएक्स-५५ हा जीपीएस संच बसला. त्यात शोधग्रिड आणि शोधाचे नमुने आधीच भरलेले होते. नकाशाचं नाव, ग्रिड क्रमांक, पाव ग्रिडचं अक्षर, पट्ट्यांतलं अंतर, सुरुवातीचा कोपरा आणि दिशा या क्रमाने माहिती भरायची. एक मूठ चुकीच्या वेळी फिरवली की भलताच कोपरा निवडला जाई. संगणकावर या संचाची नक्कल आली आणि ऑब्झर्व्हर प्रथमच इंधन न जाळता शंभरदा चुकू शकला. २००४ नंतर गार्मिन जी१००० ची ‘ग्लास कॉकपिट’, म्हणजे तबकड्यांऐवजी पडद्यांची कॉकपिट आली, तिचाही संगणकी ट्रेनर आला. हा सराव किती निकडीचा आहे ते नोव्हेंबर २००७ मध्ये दिसलं. नेवाडात माउंट पोटोसीवर सीएपीचं जी१००० असलेलं सेसना १८२ काळोख्या रात्री डोंगरावर आदळलं. हजारो तासांचा अनुभव असलेले दोन वैमानिक त्यात गेले. विमान नियंत्रणात होतं, समोरचा चढता डोंगर लक्षात घेतला गेला नाही. पडद्यावर माहिती असणं आणि ती पाहिली जाणं यांत अंतर असतं. ते कमी करायचं तर उजव्या आसनावरच्यालाही तोच पडदा वाचता आला पाहिजे.

आता प्रत्यक्ष सरावाकडे. सीएपीचा पाव ग्रिड म्हणजे अक्षांश-रेखांशात साडेसात मिनिटांचा चौकोन. उत्तर-दक्षिण लांबी साडेसात नॉटिकल मैल, ४० अंश अक्षांशावर पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे पावणेसहा. ९० नॉटने, म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैलांनी, एक पट्टी पाच मिनिटांची. एक मैलाचं अंतर ठेवलं तर सुमारे सहा पट्ट्या, अर्ध्या मैलाचं ठेवलं तर बारा, म्हणजे वळणं धरून तासाहून जास्त. सेसना १८२ तासाला साधारण १३ गॅलन इंधन पितं. नवख्या चमूचा हा तास जमिनीवर गेलेला बरा.

सिम्युलेटरमध्ये विमान प्रवेशबिंदूच्या पाच मैल आधी ठेवावं. ढग नकोत, वारा हवाच. २० नॉटचा वारा पट्टीच्या दिशेने लावला की एका दिशेने जमिनीवरचा वेग ७० होतो, परत येताना ११०. तीच पट्टी एकदा साधारण साडेसहा मिनिटांची, एकदा चार मिनिटांची. घड्याळावर विसंबलेला ऑब्झर्व्हर इथे लगेच उघडा पडतो. मग वारा आडवा करून १५ नॉट ठेवावा. नाक जवळजवळ १० अंश वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं. नवखा वैमानिक ते दोन मिनिटांत विसरतो आणि पट्टी वाहत जाते.

सर्वांत उपयोगी धडा वळणांचा. पट्ट्यांमधलं अर्ध्या मैलाचं अंतर म्हणजे ९२६ मीटर. ९० नॉटने ३० अंश झुकावावर उलट्या दिशेला वळलं तर वळणाचा व्यास सुमारे ७६० मीटर येतो, तो बसतो. २० अंशांवर तोच व्यास १,२०० मीटर होतो आणि पुढची पट्टी ओलांडली जाते. ओलांडली की माणूस घाईने झुकाव वाढवतो. ४५ अंशांवर स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. जमिनीपासून हजार फुटांवर, मान वळवून खाली पाहत हे केलं तर सावरायला उंची उरत नाही. म्हणून वळण ग्रिडच्या बाहेर घ्यावं आणि पट्टीवर सरळ होऊनच आत शिरावं, हे सिम्युलेटरवर हाताला वळण लागेपर्यंत करावं. तिथला स्टॉल मात्र खरा मानू नये. आसनाखालचा थरार आणि पेडलवरचा दाब टेबलावरच्या संचात जाणवत नाहीत. तो भाग प्रशिक्षकासोबत खऱ्या विमानातच व्हायला हवा.

उंचीतली चूकही इथेच पकडावी. चमूला ‘जमिनीपासून हजार फूट’ सांगितलेलं असतं, अल्टिमीटर दाखवतो समुद्रसपाटीपासूनची उंची. चढत्या भूभागावर वैमानिक तीच सुई धरून ठेवतो आणि अंतर आक्रसत जातं. प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला त्या पट्टीतला सर्वांत उंच बिंदू ऑब्झर्व्हरने मोठ्याने वाचायचा, ही सवय फुकट लागते आणि जीव वाचवते.

चमूला एका खोलीत, तळाच्या रेडिओवरच्या माणसाला दुसऱ्या खोलीत बसवावं. विमान कंपन्यांनी १९७० च्या दशकापासून पूर्ण उड्डाणाचा सराव सुरू केला, तो बिघाड हाताळण्याइतकाच कामाची वाटणी शिकण्यासाठी. इथेही तेच. ठरलेल्या वेळचा ‘सर्व ठीक’ संदेश, मध्येच बदललेला ग्रिड, स्कॅनरची हाक: हे एकाच मिनिटात आलं की कोण काय सोडून देतो ते दिसतं. हाक आल्यावर क्रम पक्का हवा. स्कॅनरने घड्याळाच्या आकड्याने दिशा आणि अंतर सांगायचं, ऑब्झर्व्हरने जागा लगेच संचात नोंदवायची, वैमानिकाने आधी वेग पाहायचा आणि मगच वळायचं. जागा नोंदवण्याआधी वळलं की खूण हरवते.

पाहण्याचा सराव मात्र पडद्यावर होत नाही आणि तसा दावाही करू नये. डोळ्याची तीक्ष्ण नजर मध्यभागी जेमतेम दोन अंशांची असते. निरोगी डोळा एका अंशात साठेक बारकावे वेगळे ओळखतो. १,९२० पिक्सेलचा पडदा ६० अंशांचं दृश्य दाखवत असेल तर अंशाला ३२ च पिक्सेल पडतात. एक नॉटिकल मैलावरचा पाच मीटरचा तुकडा त्यावर पाच पिक्सेलचा ठिपका होतो. २०२० नंतरच्या सिम्युलेटरांत उपग्रहचित्रांचा भूभाग सुंदर दिसतो, पण कमी उंचीवरून उडताना तो पसरट होतो, आणि त्यात मोडलेली फांदी, जळका डाग, उन्हात चमकणारी काच नसते. पडद्यावर अवशेष ठेवून स्कॅनरला शोधायला लावलं तर तो ठिपके शोधायला शिकतो. खऱ्या मोहिमेत विमानाचा आकार क्वचितच उरलेला असतो. सप्टेंबर २००७ मध्ये बेपत्ता झालेल्या साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेटच्या शोधात नेवाडात इतर जुने अवशेष सापडले. त्याचे अवशेष वर्षभराने कॅलिफोर्नियात मिळाले, तेही डोंगरात त्याची ओळखपत्रं एका गिर्यारोहकाच्या हाती लागल्यावर. स्कॅनरने सिम्युलेटरच्या खोलीत नजर फिरवण्याची लय, हाकेची भाषा आणि दर काही मिनिटांनी डोळ्यांना विश्रांती देणं शिकावं. पाहणं शिकायला खरी खिडकी हवी.

ईएलटीचा सराव मात्र थोड्या जुगाडाने छान होतो. बीकनची दिशा सांगणारा दिशादर्शक विमानात नसेल तर ‘विंग नल’ पद्धत वापरतात. एका झुकावाने गोल फिरायचं आणि पंख अँटेनाच्या आड येऊन आवाज मंदावतो तो क्षण पकडायचा. सिम्युलेटरात हा सिग्नल नीट नसतो. म्हणून मदतनीसाने बीकनची जागा कागदावर लपवून ठेवावी, विमानाची दिशा पाहत बीपचा आवाज हाताने कमी-जास्त करावा. अँटेना पंखावर असेल तर बीकन वळणाच्या बाहेरच्या बाजूला येतो, पोटाखाली असेल तर आतल्या. हे उलटं धरलं की चमू १८० अंश चुकीच्या दिशेला जातो. म्हणून आपल्या विमानात १२१.५ चा आवाज कोणत्या अँटेनातून येतो ते सरावाआधी विमानापाशी जाऊन पाहावं, आणि सरावाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहावं.